भट्टीच्या वळणावरचा घोडा

मंगळवार, १० फेब्रुवारी

आई वाचली. पर्स गेली.

देवळात दहाच्या मिस्सेला, प्रार्थनेला, निघाली होती. कोंबडी खुराड्यात जाईना म्हणून उशीर झालेला. चुन्याच्या जुन्या भट्टीपाशी वळणावर मागून गाडी आली आणि गाडीच्या आरशानं तिची पर्स उडवली. पट्टा तुटला. जपमाळ, चष्मा, पेपरमिंटच्या गोळ्या — सगळं कुंपणापलीकडे गवतात. गाडी थांबली नाही. आरसा वीतभर आत असता तर पर्सच्या जागी आई असती.

मला दाजींच्या फोनवरून कळलं. मी दुधाचा टँकर घेऊन चढावर होतो — एका हातात फोन, दुसरा गिअरवर, स्टिअरिंग गुडघ्यानं धरलेलं. दाजी म्हणाले, "कोलमन, घाबरू नकोस. पण बातमी घाबरण्यासारखीच आहे." दाजी हे असे. ताईनं त्यांच्यात काय पाहिलं कोण जाणे.

घरी आलो तर आई बटाटे सोलत बसलेली.

"कोण होतं?"

"दिसलं नाही. ऊन डोळ्यांवर आलं."

आज सकाळपासून धुकं होतं. धक्क्यानं गोंधळली असणार.

ब्याऐंशी वर्षांची आहे. मिस्सेला रोज चालत जायचं हा तिचा नेम, आणि तेही रस्त्याच्या डाव्या कडेनंच, कारण तिची आई तशी जायची. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं चाल म्हणून किती वेळा सांगितलं. "गाडीनं मला बघावं," म्हणते, "मी कशाला गाडीला बघू?" या घरात आम्ही दोघंच. ती गेली तर मी आणि भिंतीवरचं घड्याळ.

मिस्सा मात्र मला मिळाली, देवाची कृपा. देवळात कॅमेरा बसवून ती फोनवर दाखवायला लागल्यापासून मी ती टँकरमध्येच घेतो. फोन समोरच्या काचेशी, संत ब्रिजिदच्या गवती क्रुसाला टेकवून ठेवायचा. एक दिवस चुकलेली नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

पोलिसांचा सार्जंट टूमी येऊन गेला. "डिलियामावशी, गाडी लहान होती की मोठी?" आई म्हणाली, "गळाभेट घ्यायला थांबली असती तर माप घेतलं असतं."

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सगळ्या गावाचं बोट दाजींकडे. मॅलाकीदाजी बार चालवतात आणि शववाहिकाही. गाडीत बसले की एका कानाला फोनवर दारूवाला, दुसऱ्या कानाला शवपेट्या करणारा सुतार. मधल्या तोंडानं दोघांना उत्तरं. स्टिअरिंगचं काय होतं ते देव आणि त्यांचं पोट जाणे. शिवाय नाताळापासून शववाहिकेचा डावा आरसा कुठेतरी आपटून लोंबतोय.

ताई रडत आली. "आई, तूच सांग गं, हे नव्हते म्हणून. बारमध्ये आज कोणी पाऊल टाकलं नाही."

आई सुरी थांबवून जरा वेळ ताईकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग म्हणाली, "गाडी नव्हतीच मुळी. घोडा होता."

शनिवार, १४ फेब्रुवारी

सार्जंट पुन्हा आला. दारात टोपी काढून उभा.

"मावशी, घोडा?"

"घोडा."

"रंग?"

"घोड्याचा असतो तो."

"घोड्यानं पर्सचा पट्टा कसा तोडला?"

"घाईत होता."

आमच्या किलडून गावात घोडे तीन. एक आंधळा, एक गाभण घोडी, आणि तिसरा गेल्या हिवाळ्यात विकला. तरी सार्जंट तिन्ही तबेल्यांत जाऊन आला म्हणे. विकलेल्याच्या रिकाम्या तबेल्यातही डोकावला. संध्याकाळी बार पुन्हा भरला. घोड्यावर कोणाचा विश्वास बसलेला नाही, पण डिलियामावशीला खोटं ठरवायची कोणाची टाप?

रविवार, १५ फेब्रुवारी

मिस्सेनंतर फादर लोरकनना गाठलं. म्हटलं, घोडा राहू द्या, फादर. गावात जो तो फोन कानाला लावून गाडी हाकतो. कोणी समोर बघत नाही. पूर्वी समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून माणूस ओळख द्यायचा. आता बोटं सगळी फोनवर. बुधवारी कपाळाला राख लागेल, ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू होईल. या वर्षी चॉकलेट आणि साखर सोडण्यापेक्षा गावानं गाडीतला फोन सोडावा.

फादरांना पटलं. म्हणाले, "कोलमन, ही बुद्धी तुला पवित्र आत्म्यानंच दिली."

मी नम्रपणे हो म्हणालो. बुद्धी खरं तर मला शुक्रवारी टँकरमध्ये, फोनवर हवामान बघताना सुचली होती.

बुधवार, १८ फेब्रुवारी. राखेचा बुधवार

फादर छान बोलले. म्हणाले, गाडीत फोन धरणारा हात उद्या कोणाची तरी पेटी उचलणारा हात असेल.  मग म्हणाले, ज्यांना ईस्टरपर्यंत गाडीतला फोन सोडायचा आहे त्यांनी हात वर करावा. सगळे हात वर. दाजींचाही. त्यांच्या वर केलेल्या हातात फोन होता.

मीही केला. मला सोपं होतं. मी गाडी चालवताना कोणाशी गप्पा मारत नाही. दाजींचा आला तर, डेअरीचा आला तर, आईचा आला तरच. आणि मिस्सा म्हणजे काही फोन नव्हे.

आईला विचारलं, तू काय सोडलंस? म्हणाली, "उपवास सांगायचा नसतो. सांगितला की त्याची जाहिरात होते."

शुक्रवार, २० फेब्रुवारी

चमत्कार! आज रस्त्यावर सगळ्यांनी बोट उचललं. पोस्टातली ट्रीसा, सार्जंट, शाळेची बस. दाजींनी तर शववाहिकेतून दोन्ही हात उचलले, तेही बरोबर नाही.

आईचा मात्र कालपासून फोन नाही. एरवी मी टँकरवर असलो की दिवसातून चार-पाचदा तरी वाजतो. कोंबडीनं अंडं दिलं, पाऊस येतोय, दूध आण. (रोज आठ हजार लिटर दूध घेऊन फिरणाऱ्या माणसाला दूध आण!)

रविवार, २२ फेब्रुवारी

हे मी आधीच ओळखायला हवं होतं. रविवार उपवासकाळात धरत नाहीत! लहानपणापासून आपल्याला हेच शिकवलेलं. सोमवार ते शनिवार साखर सोडायची आणि रविवारी केकवर तुटून पडायचं, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा, आनंदाचा दिवस. तोच नियम गावानं फोनला लावला.

मिस्सा संपली आणि एकही माणूस घरी गेला नाही. सगळे गाड्यांत बसले, फोन काढले आणि निघाले. कुठे? कुठेच नाही. चार दिवसांचे फोन साठलेले, आणि सूट फक्त गाडीतल्या फोनला. घरून फोन करायला सूट कशाला लागते? ट्रीसा लीड्समधल्या बहिणीशी बोलत दीपगृहापर्यंत गेली आणि परत आली. तिच्या घरात चांगला तारेचा फोन आहे. मी विचारलं. ती म्हणाली, "अहो, रविवार फुकट कसा घालवायचा?"

आणि त्या सगळ्या गाड्यांच्या मधून माझी आई. डाव्या कडेनं. जपमाळ हातात.

सोमवार, २३ फेब्रुवारी

फादरांकडे गेलो. ते डोकं धरून बसलेले. म्हणाले, "मी काल देवळाच्या दारात उभा राहून सांगितलं त्यांना. तर तुझे दाजी म्हणतात, फादर, आज तुमच्या टेबलावर चॉकलेट होतं. चॉकलेटला रविवारी सूट, मग फोनला का नाही?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"चॉकलेट होतं रे टेबलावर."

रविवार, १ मार्च

आज आईसाठी चमकतं पिवळं जॅकेट आणलं होतं, रस्त्यावर खड्डे बुजवणारे घालतात तसं. तिनं ते दोन बोटांत धरून खुंटीवर टांगलं. "मी काय रस्त्याचं काम आहे?"

म्हटलं, निदान रविवारी माझ्या गाडीत बस. म्हणाली, "रविवारी गाडीत कोण बसतात ते बघतेय मी."

शेवटी मी तिच्या मागे गाडी चालवत निघालो, दिवे लावून, तिच्या चालीनं. माझ्यामागे सात गाड्यांची रांग झाली. सगळे फोनवर. कोणालाच घाई नव्हती. एका अर्थी आजवरचा सर्वांत सुरक्षित रविवार. घरी आल्यावर आई म्हणाली, "मला जिवंतपणीच पोचवायला निघाला होतास की काय?"

शुक्रवार, ६ मार्च

आईचा फोन अजून नाही. घरात बोलते, हसते, वाढते. पण मी टँकरवर बसलो की फोन गप्प. जॅकेटचा राग असेल म्हणावं, तर फोन त्याच्या आधीपासून बंद. मी काही बोललो असेन का? आठवत नाही. पन्नाशीच्या माणसाला आईचा फोन आला नाही म्हणून चुकल्यासारखं वाटावं, हे लिहितानाही लाज वाटते.

दुपारी टँकर धुतला. डावा आरसा गेला महिनाभर सैल आहे, आत वळतो. फांदी लागली होती एकदा. कुंपणं फार माजलीत. आता तर मार्च लागला. पक्षी घरटी करतात म्हणून तोडायला ऑगस्टपर्यंत बंदी. राहूनच गेलं.

रविवार, ८ मार्च

आज मिस्सा आईनं अर्पण केली होती. फादरांनी चिठ्ठी वाचली: "डिलिया यांच्या विनंतीवरून — भट्टीच्या वळणावरच्या घोड्यासाठी, आणि ज्याच्या हातात त्याचा लगाम होता त्याच्यासाठी. देव त्याला समोर बघायची बुद्धी देवो." कोणी हसलं नाही. सार्जंटनं आमेन म्हणताना सगळ्या बाकांवर नजर फिरवली.

मीही त्या माणसासाठी मनापासून प्रार्थना केली. क्षमा करायला जड गेलं. पण केली.

मंगळवार, १७ मार्च. संत पॅट्रिकचा दिवस

आजही सूट. पॅट्रिकच्या दिवशी उपवासकाळ दार किलकिलं करून दारुड्यालाही आत घेतो. पण म्हाताऱ्या बार्थली मिनोगला आजच पुरायचं ठरलं, कारण बोस्टनहून आलेल्या मुलाला उद्या परत जायचं होतं.

देवळापासून स्मशानभूमीपर्यंत तीसेक गाड्या. पुढे दाजींची शववाहिका, मागे फादर, मग मिनोग मंडळी, मग मी आणि आई. पुरायच्या दिवशी ती गाडीत बसते. ते मेलेल्याचं बोलावणं, म्हणते. दाजींच्या धाकटीचं आज शहरातल्या मिरवणुकीत नाचणं होतं आणि ते फोनवर दिसत होतं. दाजी ते बघत होते. स्मशानाचं वळण आलं. स्मशानाचं वळण गेलं.

शववाहिकेच्या पुढे कोणी जात नाही. शववाहिकेला कोणी हॉर्न देत नाही. तिच्या मागून जायचं, बस. आम्ही गेलो. शाळा गेली, पंप गेला, गाव संपलं. मी म्हटलं, "आई, हे चुकले." आई म्हणाली, "मेलेल्याला टोकू नये."

रस्ता बोटींच्या धक्क्यावर संपतो. दाजींना समोर समुद्र दिसला तेव्हा ते थांबले. मागोमाग तीस गाड्या धक्क्यावर एकामागे एक, वळायला जागा नाही, दोन्हीकडे पाणी. कोणी उतरेना. मग फादर उतरले. त्यांना वाटलं, कुटुंबाची इच्छा असेल. त्यांनी पुस्तक उघडून प्रार्थना सुरू केली. मिनोगांना वाटलं, फादरांची काही नवी पद्धत असेल. ते येऊन गुडघ्यांवर बसले. मग सगळेच बसले. दाजी खाली उतरून हात जोडून उभे, तोंड तंबाखू खाल्ल्यासारखं गच्च मिटलेलं. त्यांच्या खिशातून बारीक आवाजात नाचाचा ताशा चालूच होता.

आई माझ्या कानात म्हणाली, "बार्थलीला बोट लागायची. आयुष्यात इकडे फिरकला नाही."

मग तीस गाड्या उलट्या हाकत धक्क्याबाहेर. त्याला तासभर लागला. सार्जंट मागे मागे चालत हात हलवत होता. स्मशानात पोचलो तेव्हा कबर खणणारे खड्ड्याच्या काठावर बसून आपले डबे खात होते.

संध्याकाळी बारमध्ये बोस्टनवाल्या मुलानं दाजींचा हात दोन्ही हातांत घेतला. "बाबांना समुद्र दाखवलात, हे मी विसरणार नाही." दाजी म्हणाले, "त्यांची शेवटची इच्छा होती." आता दोन घरांनी आधीच सांगून ठेवलंय — आमच्या वेळीही धक्क्यावरून न्या.

मला हसू आलं. आणि घरी येऊन भीती वाटली. दाजी आणखी जरा वेळ नाच बघत राहिले असते तर बार्थली बुडून दुसऱ्यांदा मेला असता, आणि पाठोपाठ आम्ही सगळे. कोणी हॉर्न दिला नसता.

रविवार, २२ मार्च

आई मिस्सेहून येईपर्यंत फाटकात उभा राहिलो. ती आली. बाकी काही नाही.

रविवार, २९ मार्च. झावळ्यांचा रविवार

हे आजच लिहून ठेवायला हवं. 

गाईंना रविवार नसतो. आज मला टँकरवर जावं लागलं. पहाटेची मिस्सा करून निघालो, आई दहाच्या मिस्सेला गेली. साडेअकराच्या सुमारास परतत होतो, अर्धी टाकी भरलेली. फोन वाजला. आई! इतक्या दिवसांनी. काळजात लख्ख झालं. रविवार आहे, सूट आहे, आणि आईचा आहे. उचलला.

"कोलमन, कुठे आहेस?"

"येतोच. तू?"

"चालतेय. डहाळीला फादरांचा आशीर्वाद घेतला. तुझ्या टँकरसाठीच आहे ती."

"राग गेला का तुझा?"

"कसला राग?"

"फोन नाही केलास ना महिनाभर."

"अरे, तो —"

आणि भट्टीचं वळण आलं, आणि वळणावर आई. एका हातात डहाळी, दुसऱ्या हातात फोन, कानाला. डाव्या कडेनं घराकडे चाललेली, माझ्याकडे पाठ. मी ब्रेकवर उभाच राहिलो. पण अर्ध्या टाकीतलं दूध ब्रेक ऐकत नाही. ते मागून येऊन गाडीला पुढे ढकलतं. टँकर घसरत घसरत गेला. आई आवाजानं वळली. पळाली नाही. डहाळी पुढे धरली, येणाऱ्या गाडीला आशीर्वाद द्यावा तशी. डहाळीची पानं टँकरच्या पुढच्या जाळीला टेकली तिथे टँकर थांबला.

मी काचेतून तिच्याकडे बघत होतो. ती माझ्याकडे. दोघांचेही फोन कानाला. खाली ठेवायचं कोणालाच सुचलं नाही.

फोनमधून आई म्हणाली, "कोणाशी बोलतोयस?"

मी म्हटलं, "तुझ्याशी."

"मग समोर बघ."

"बघतोय."

"आता बघतोयस."

 मग मी विचारलं, "महिनाभर का नाही केलास फोन?"

"उपवास होता."

"कसला?"

"तुझा. फादर म्हणाले ना, गाडीत उचलणारा जितका दोषी, तितकाच ठाऊक असून करणारा. म्हणून तुला टँकरवर फोन करायचा नाही, हेच सोडलं होतं. साखर सोडणं सोपं होतं रे."

"मग आज?"

"आज रविवार."

मग तिनं फोन ठेवला. मीही. ती दार उघडून शेजारच्या सीटवर चढली. माझ्या गाडीत, रविवारी, पहिल्यांदा.  डहाळी तिनं ब्रिजिदच्या क्रुसामागे खोचली.

मंगळवार, ३१ मार्च

पापनिवेदनाला गेलो. सगळं सांगितलं. जाळीपलीकडून फादर म्हणाले, "आईचा फोन होता, कोलमन. देव समजून घेईल. पुन्हा नको. आणखी काही?"

म्हटलं, "काही नाही, फादर. टँकरमध्ये फक्त मिस्सा बघतो."

फादर जाळीशी सरकले.

"माझी मिस्सा?"

"हो फादर. एक दिवस चुकत नाही."

"टँकर चालवताना?"

"हो."

"पण डोळे रस्त्यावर असतात ना?"

"तुम्ही ती पवित्र भाकर वर धरता तेव्हा मिटतो. मानही खाली घालतो. तेवढंच."

फादरांनी जाळीवर कपाळ टेकलं. मग म्हणाले, "प्रायश्चित्त. उद्यापासून माझी मिस्सा बघायची नाही." मग हळूच, "हे मी आयुष्यात कोणाला सांगेन असं वाटलं नव्हतं. बाहेर बोलू नकोस."

बुधवार, १ एप्रिल

फोन बंद करून जेवणाच्या डब्यात ठेवला. दहा वाजले ते हातांना कळलं. उगाच काचेकडे जात होते. मनातल्या मनात प्रार्थना म्हटल्या. डोळे उघडे ठेवून देवाशी बोलता येतं, हे एकोणपन्नासाव्या वर्षी शिकलो.

रस्त्यावर किती काय काय असतं! ट्रीसाच्या फाटकाला नवा रंग. ओढ्यापाशी बगळा. भट्टीची कमान आतून काळी आहे, हे मला माहीतच नव्हतं. मी इथून रोज जातो.

शुक्रवार, ३ एप्रिल. गुड फ्रायडे

आज जगात कुठेच मिस्सा नाही. सगळे माझ्यासारखेच.

दहाच्या सुमारास दर वेळी मी नेमका भट्टीच्या वळणावर असतो, हे आज लक्षात आलं. उपवासकाळ लागायच्या आधी एकदा, मान खाली घातलेली असताना, इथेच फांदी आरशाला फाडकन लागली होती. आज जाताना बघेन म्हटलं, पण मागे गाडी होती. सोमवारी डेअरीची पाळी दुसऱ्याची आहे. दोरी घेऊन येतो. फांद्या तोडायला बंदी, मागे बांधायला नाही. आईच्या वाटेवर निदान काटे तरी नकोत.

रविवार, ५ एप्रिल. ईस्टर

ख्रिस्त उठला. आईनं मिस्सेला जाताना खुंटीवरचं पिवळं जॅकेट काढून अंगात घातलं. गावानं डोळे विस्फारले. दाजी म्हणाले, "सासूबाई, आता तुम्ही चंद्रावरूनही दिसाल." आई म्हणाली, "चंद्रावरच्याचं काही नाही रे. रस्त्यावरच्याला दिसले म्हणजे पुरे."

व्रत संपलं. तरी मिस्सेनंतर लोक सरळ घरी गेले. समोरून आलेल्या बहुतेकांनी बोट उचललं.

सोमवार, ६ एप्रिल

दोरी घेऊन भट्टीच्या वळणावर गेलो. बांधायला काहीच नाही. कुंपण नाताळच्या आधीच छाटलेलं आहे, छाटलेली टोकं पार काळी पडलीत. रस्त्यापासून हातभर आत. दोन्ही बाजूंना, वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही फांदी माझ्या आरशापर्यंत पोचत नाही.

बराच वेळ तिथे उभा होतो. दोरी हातात.

घरी आलो. आई चुलीपाशी. म्हटलं, "आई, तिथे फांद्याच नाहीत."

तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"माहीत आहे," म्हणाली. "हात धू. जेवायला बस."